लाइट गेली तेव्हा

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात पंधरा दिवस
मी बांबूच्या मचाणावर बसतो, माईक धरून.
खाली चारशे पावलांची धावपट्टी,
पहाटे टँकरनं भिजवलेली, मग पाटा फिरवलेली,
शेवटाला चुन्याची रेघ.
पलीकडे हौद, नालबंदाची भट्टी, लगामांची दुकानं
आणि जनावरांच्या डॉक्टरचा तंबू,
ज्यात डॉक्टर सोडून सगळं असतं.
तापीवरचा वारा यादी उडवतो.
मी तिच्यावर मोबाइल ठेवतो आणि बोलतो:

तीन नंबरला पंचकल्याणी घोडी, शिरपूरचे छगनमल शेठ.
पाचला नुकरा, मालक धडगावचे.
सहाचा कुमैत, कपाळावर भोवरा, बोली चालू आहे.
एक पोर हरवलंय, लाल स्वेटर.
एकोणचाळीस पासिंगची जीप हौदापुढून काढा.

अकरा वर्षं. घसा बसला की लवंग.

जामन्या वळवी कठडा धरून उभा असतो.
जन्मभर मोतद्दारी केली, आता दोन्ही डोळे दुधाळ.
दरसाल नातीकडून चिठ्ठी धाडतो वर:
भाऊ, जरा चूप राय ना.
मी ती माईकवर वाचून दाखवायचो.
लोक हसायचे. तोही.

यंदा शेवटच्या धावेला
निशाण पडलं आणि लाइट गेली.
दोनेक वाक्यं मी तशीच बोलून गेलो
मेलेल्या माईकमध्ये.

मग ऐकू आलं.
आधी बांबूतून, तळपायांत.
मग खळ्यावर दादर झोडपावी तसं,
नाही, तसंही नाही,
झोडपणारे थांबतात दम घ्यायला.
आणि श्वास.
धावताना घोडे एवढा श्वास घेतात
हे मला, यादी वाचणाऱ्याला, माहीत नव्हतं.

जामन्या कठड्यावर बोटं आपटत होता.
"तीनना मांगला डावा नाल ढिल्ला शे," म्हणाला,
"पन तीच येई."

तीच आली.
नालबंदानं तिचा पाय मांडीवर घेतला,
काही बोलला नाही,
पक्कड मागितली.

कर्ण्यात खरखर झाली. लाइट आली.
सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं,
तरी माना वर, माझ्याकडे.
मी म्हणालो, तीन नंबर.
शेठचं नाव काही केल्या आठवेना.
मग सांगितलं, लाल स्वेटरचं पोर सापडलंय,
हौदावर आहे,
घोड्यांच्या रांगेत ओणवं होऊन
पाणी पितंय.