शेवटचा हात

मारिन्या ग्रांदच्या साच्यांच्या कारखान्यात
रात्री दहानंतर इदालिना एकटी.
रफिंग दुपारीच उरकलं.
ते सोपं, भुकेल्याने भाकरी तोडावी तसं.
आता पोलादावर दोन दशांश मिलिमीटर कातडं उरलंय
आणि फिरवायचाय शेवटचा हात.

काचेच्या वाडग्याचा साचा आहे.
समांतर रेघांनी जावं, तर उभ्या भिंतीवर खरवड राहते.
पातळी पातळीने उतरावं, तर तळाशी
टूल लांब लांब ढांगा टाकतं.
म्हणून भिंती वेगळ्या, तळ वेगळा,
कोपऱ्यांना काडीएवढा बारका कटर,
आणि जिथे तिन्ही भेटतात तिथे
सांधा दिसू नये एवढीच प्रार्थना.

गोल टोक कितीही जवळून न्या,
दोन तासांमध्ये वरंबा उरतोच.
अंतर निम्मं केलं की वरंबा पाव होतो,
वेळ दुप्पट.
नांगरामागे पडतो तो तास, घड्याळात सरतो तोही.
इदालिनाकडे आज दोन्ही मोजून आहेत,
सकाळी आठला साचा भट्टीकडे जाणार.

बेल्मिरू झोप येत नाही म्हणून येतो.
अडतीस वर्षं घासणीच्या बाकावर,
हिऱ्याची पेस्ट नखांत कायमची.
“काच ज्या दिशेने सुटते त्या दिशेने रेघा घाल, पोरी.
आडव्या घातल्यास तर पुसताना
माझा खांदा जातो.”
ती हो म्हणते. भिंतींच्या रेघा आडव्याच आहेत.

दोन वाजता कोरीवकाम.
तळाशी कारखान्याचं नाव, टोकदार कटर,
खोली केसाएवढी.
ती हिरव्या बटणावर बोट ठेवते.
तो पडद्याकडे बघतो, चष्मा न लावता:
“मला वाचता येतंय.”
“मग?”
“सरळ वाचता येतंय म्हणजे चुकलंय.”

ती बोट उचलते.
शांतता. शीतक द्रवाचा थेंब टपकतो.
मग नाव उलटं होतं, शेवटापासून सुरुवातीकडे,
तिला अनोळखी, त्याला रोजचं.
तो पुटपुटत वाचतो, एकेक अक्षर,
जशी माणसं घराची पाटी वाचतात.

पहाटे दार उघडतं.
तो डोळे मिटून भिंतीवरून नख फिरवतो, थांबतो.
“इथे आहे एक.”
“टॉलरन्समध्ये आहे,” ती म्हणते.
“असेल.”
आणि खिशातून दगड काढतो.