पपाचा दिवस

बिस्किटांच्या जुन्या डब्यात आमच्या मेणबत्त्या:
एव्हरिस्टची थोटी, माझी उंदराने कुरतडलेली,
आईची जवळजवळ कोरी,
तिची तारीख दरसाल भातलावणीत बुडते.
बाप्तिस्म्याच्या दिवशी ज्याची त्याने पेटवायची,
सांदणं खायची, धर्ममातेला फोन करायचा.
माझी उचलत नाही. तरी करायचा.

पपाची मेणबत्ती नाही.
तो जन्मला तेव्हा आचऱ्याची खाडी फुगलेली,
पाद्री पलीकडे, होडी अलीकडे,
आणि पोर निळं.
द्वारका सुईण म्हणाली,
काय बोलायचं असतं ते सांगा, लवकर.
बाळंतिणीने भिंतीकडे तोंड करून सांगितलं.
द्वारकाने पदराला हात पुसले,
तांब्यातलं विहिरीचं पाणी तीनदा ओतलं
पित्याच्या, पुत्राच्या,
तिसऱ्या नावाशी जीभ जराशी अडखळली
आणि पोर रडलं.

म्हणून एकवीस ऑगस्टला टेबलावर तांब्या.
नळ येऊन अकरा वर्षं झाली,
पण त्या सकाळी विहिरीवरच जायचं,
शेवाळावरून, शिव्या देत.
द्वारकाची नात सुलू पराडकर येते.
ती श्रावण पाळते,
त्यामुळे पपाच्या दिवशी घरात मासळी नाही,
आणि मांजर दिवसभर रागावलेलं.

पपा ओंजळ पुढे करतो.
सुलू ओतते, आजीसारखंच,
थोडं घाईने.
तो एक घोट घेतो, तोंड वाकडं करतो.
'मचूळ आहे गो,' म्हणतो दरवर्षी,
जणू चव
त्याला तेव्हापासून आठवतेय.