बुधवारी, पाचवा तास

सातवी ब, दप्तरं खाली ठेवा.
या तासाला धडा नाही, स्वाध्याय नाही,
‘कवीला काय सुचवायचे आहे’ तर मुळीच नाही.
कपाटाची किल्ली दोन वर्षं हरवली होती,
सापडली जुन्या हजेरीपटांच्या गठ्ठ्याखाली.
कुलूप गंजलेलं; शिपाईमामांनी तीन दिवस
त्यात शिलाई मशीनचं तेल सोडलं.
आज उघडलंय. वास येतोय ना?
वाळवीनं आपल्याआधी बरंच वाचून टाकलंय.

मृणाल बेंडकुळे, तू भुताचंच घेणार, माहीत आहे.
घे. तिन्ही घे.
पण तिसरं संपलं की मला सांग,
भुतं कायम गावाबाहेरच का राहतात,
आणि गावाबाहेर आणखी कोणाकोणाला ठेवलं होतं.
ते त्या दुसऱ्या पुस्तकात आहे. जाड आहे,
त्याला मात्र घाबरू नकोस.

कैवल्य, क्रिकेटचं चौथ्यांदा?
बरं. सोबत हे मधमाश्यांचं ने.
काय संबंध, म्हणू नकोस.
सटाण्याला मामाची डाळिंबं आहेत ना तुझ्या?
विचार त्याला, फुलाचं फळ कोण करतं फुकटात.

शबिस्ता, तुझी वही मी पाहिली.
अम्मी द्राक्षं भरायला जाते, पेटीतली रद्दी घरी आणते,
त्यातली कात्रणं चिकटवलीस तू:
बाजारभाव, निधनवार्ता, हरवलेला पोपट,
आणि एक गोष्ट, अर्ध्यावर फाटलेली.
खाली पेन्सिलीनं शेवट लिहिलास. खोडलास. परत लिहिलास.
तिन्ही शेवट राहू देत.

पुंजाराम, मान वर कर.
‘मला पुस्तकं आवडत नाहीत’ हे मला चालतं.
गेल्या बुधवारी तू दप्तरातून काढलंस
वडिलांच्या कारखान्यातलं, अंबडचं,
यंत्राचं माहितीपत्रक, तेलानं पिवळं पडलेलं.
वाच म्हणाले. वर्ग हसला.
तू वाचलंस :
‘पाते पूर्ण थांबल्याशिवाय झाकण उघडू नये.’
थांबलास. तीच ओळ परत वाचलीस.
कोणी हसलं नाही मग,
पालकसभेत सगळ्यांनी पाहिलाय तुझ्या वडिलांचा उजवा हात.
तू म्हणालास, मॅडम, हे आधी इंग्रजीत होतं फक्त,
मराठीत कधी आलं?
आणि मागचं पान उलटून छपाईचा महिना पाहिलास,
बोटांवर काहीतरी मोजलंस.
मी विचारलं नाही.
एवढंच म्हणते, वीस वर्षं शिकवतेय,
अशी ओळ मी कधी वाचली नव्हती.

माझं सांगू?
तुमच्याएवढी असताना चौदा कादंबऱ्या वाचल्या,
सगळ्या एकाच बाईंच्या. सगळ्यांत नायिकेला ताप यायचा.
जग तेवढंच वाटायचं मला.
रोज दोनदा होळकर पुलावरून जायचे
आणि खालचं पाणी पुढे कुठे जातं, कधी मनात आलं नाही.
मग कोणाच्या तरी रद्दीत नकाशांचं पुस्तक मिळालं, पाठ निघालेलं.
त्र्यंबकपासून समुद्र शंभरेक किलोमीटर, मावळतीला.
आणि आपली गोदावरी त्याच्याकडे पाठ करून निघालेली,
उगवतीला, अख्खा देश तुडवत,
दुसऱ्याच कुठल्या समुद्राकडे!
का, ते भूगोलाच्या सरांना विचारा.
ते उताराचं सांगतील. खरंच आहे ते.
पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

चला, वहीत नावं लिहा.
परतीची तारीख मी घालणार नाही.
तेलाचे डाग चालतील, तिखटाचेही.
पानं दुमडू नका.
बरं, दुमडा.

घंटा झाली की काय?
नाही ऐकली? कोणीच?
खोटं बोलू नका. मीही नाही ऐकली.

कैवल्य,
मधमाश्यांचं उलटं धरलंयस.