काल म्हणजे सुरी

लक्ष्मीपुरीत सुकी मांदेली घेतली, पाव किलो.
मासळीवाली म्हणाली, तव्यावर भाजून खावा भाकरीसंगं.
म्हटलं, नुसती उकळून पाणी घेणार आहे.
तिनं असं बघितलं
जणू मी देवळाला उलटी प्रदक्षिणा घातली.

कणीक अर्धी, मैदा अर्धा, मीठ.
मळून ओल्या फडक्याखाली ठेवलं.
वैजयंता दारात उभी, पदर खोचून,
मदतीला नव्हे, पंचनाम्याला.
"शुक्रवार आहे. मटण आणायचं सोडून
हे काय आरंभलंय?"

कालगुक्सू, मी म्हणालो.
काल म्हणजे त्यांच्यात सुरी. गुक्सू म्हणजे शेवया.
"आणि आपल्यात काल म्हणजे?"
एवढं बोलून ती पुढं आली
आणि मी मोठा ठेवलेला गॅस बारीक केला.

चौदा वर्षं झाली.
शिरोलीच्या फाउंड्रीनं मला चांगवॉनला धाडलं,
अकरा महिने, मशीन शिकायला.
त्या अकरा महिन्यांत इकडं
तेजल चालायला लागली, पडली, परत चालायला लागली,
आणि वैजयंताच्या वडलांना
आम्ही पंचगंगेवर पोचवलं.
आम्ही म्हणजे, बाकीच्यांनी.

पोळी लाटली, पीठ भुरभुरलं,
घडीवर घडी घातली, साडीला घालतात तशी,
आणि कापायला लागलो.
एक पट्टी बोटाएवढी, एक सुतळीएवढी,
एकीचा तर शंकरपाळाच झाला.
मायक्रॉनमध्ये माप घेणारा माणूस मी.

"तिकडं कोण करून घालत होतं?"

चौदा वर्षांत हा प्रश्न आला नव्हता.
मी सुरी खाली ठेवली.
कंपनीच्या कोपऱ्यावर एक बाई होती, साठीची,
चार टेबलांची खानावळ,
नाव मला कधी कळलंच नाही.
तुझा फोन आला त्या दिवशी
मी तिच्याकडं जाऊन बसलो, काही मागितलं नाही.
सांगायला शब्दही नव्हते, ना तिची भाषा ना आपली.
तिनं भलामोठा वाडगा पुढं ठेवला
आणि समोर बसून लसूण सोलत राहिली
माझं संपेपर्यंत.
पैसे घेतले नाहीत.
आणि मी सगळं खाल्लं, वैजू.
तुमच्या घरी चूल पेटली नव्हती त्या दिवशी,
आणि मी शेवटचा थेंबसुद्धा सोडला नाही.

कुकरच्या झाकणावरनं पाणी ओघळत होतं.
खाली कुणीतरी गाडीला किक मारत होतं, सुरू होत नव्हती.

तिनं मला कोपरानं बाजूला केलं.
सुरी उचलली, बोटं आत मुडपली,
आणि कच्चकच्चकच्च
अशा बारीक, अशा सारख्या,
की त्या बाईनं मान डोलावली असती.

दोडका, बटाटा, कांदा रटरटला.
मी पाठ फिरवली तेवढ्यात तिनं
कांदा-लसूण चटणीचा चमचा आत सोडला.
पांढरं पाणी तांबडं झालं.
मी काही बोललो नाही.

"मी अजून घेतो," तेजल म्हणाली, फुर्रकन ओढत,
हनुवटीवर तर्री.

वैजयंतानं दुसऱ्यांदा वाढून घेतलं.
वाडग्यात बघत म्हणाली,
"अप्पांना नसतं आवडलं.
शेवया गोडाच्याच असतात, म्हणाले असते,
आणि ताट पुसून खाल्लं असतं."

मग बराच वेळ कुणी बोललं नाही.

"मांदेलीला दम नाही," ती उठता उठता म्हणाली.
"पुढच्या वेळी बोंबील घाला."