शंभराला तीन

रत्नागिरी, देवगड, गगनबावडा:
नकाशावर तीन टाचण्या, तिन्हींना वेढलेला दोरा.
दुपारी अडीचला आम्ही तिघं एकाच वेळी फुगा सोडतो
आणि दुर्बिणीला डोळा लावून
तो दिसेनासा होईपर्यंत कोन वाचत राहतो.
मी इथे. देवगडला भिवा तारी.
घाटमाथ्यावर सर्जेराव पडवळ,
त्याचा फुगा निम्मे दिवस धुकंच गिळतं.

रीत सोपी आहे.
दोऱ्याचा त्रिकोण हवेवर तरंगतोय असं समजायचं,
प्रत्येक टोक आपापल्या वाऱ्यानं तासभर वाहू द्यायचं
आणि क्षेत्रफळ पुन्हा काढायचं.
वाढलं, तर हवा फाकते आहे; वरची खाली उतरेल, आभाळ मोकळं.
आकसलं, तर हवेला वर जाण्यावाचून वाट नाही.
पुस्तकात अपसरण, अभिसरण.
तारी म्हणतो, रापण.
घेर आवळला की मासळी उसळतेच.

अडचण एवढीच
की तासाभरात खरा फरक पडतो शंभराला तीन.
आणि एका टोकाचा वारा
सेकंदाला एक मीटर चुकला,
नुसता एक,
तर टोक साडेतीन किलोमीटर भलतीकडे जातं
आणि त्रिकोण फुगतो शंभराला सहा.
चूक उत्तराच्या दुप्पट.
गुंजभर सोनं, आणि हातात लाकडाच्या वखारीचा काटा.

शिवाय फुगा ठरल्या वेगानं चढतो हे आपलं गृहीत,
त्याला कुणी विचारलेलं नाही.
शिवाय खारा वारा किनाऱ्यावर जोरात,
आणि सर्जेरावाची जमीनच मुळी
आमच्या डोक्यावर दोन हजार फूट.
थरावर थर मांडत वर जावं
तर खालच्या थराची चूक खांद्यावर घेऊनच वरचा थर उभा राहतो.
शेवटी बारा किलोमीटरवर गणित म्हणतं, हवा अजून वर निघाली आहे.
तिथं छप्पर आहे हे त्याच्या गावी नाही.
मग उरलेला फरक सगळ्या थरांत वाटून टाकायचा,
भावकीच्या बागेतले नारळ वाटतात तसा,
कुणाचंच समाधान न करता.

यंदा मे महिनाभर त्रिकोण फाकतच राहिला.
मी लिहीत गेले: कोरडं, कोरडं, कोरडं.
सोळा तारखेला, शंभराला पाच फाकलेल्या आभाळातून
देवगडावर वळवाची सर आली
आणि तारीच्या अंगणातली सगळी आमसुलं भिजली.
त्याची बायको चंद्रभागा फोनवर एवढंच म्हणाली,
"बाई, तुमचा आभाळ आणि आमचा आभाळ येगळा आसा काय?"

एसटीनं गेले.
सगळ्यात खालच्या थराचा वारा आम्ही डोलकाठीवरच्या कपांवरून घेतो.
कप स्वच्छ होते, तेल घातलेले, गरगर फिरणारे.
समुद्राच्या अंगाला सुरूचं बन.
अकरा वर्षांपूर्वी लावलं तेव्हा गुडघ्याएवढं,
आता डोलकाठीच्या वर.
वारा दर वर्षी थोडा कमी,
इतका थोडा
की कुठल्याच वर्षी तो कमी वाटला नाही.
आणि मी अकरा वर्षं
झाडांची वाढ मोजत होते, हवा समजून.

तारी वाळूत उभा होता, शर्टाची बटणं उघडी.
म्हणाला, "वारो माका लागता, यंत्राक लागणा नाय."
हे त्यानं आधी का सांगितलं नाही, विचारलं.
वहीत त्याचा रकाना नाही, म्हणाला.

आता रकाना आहे. सुरू, फूट: बेचाळीस.
तेवढं वजा करूनही
शंभराला एक उरतोच; हवेचा की आमचा, ठाऊक नाही.
उद्या अडीचला पुन्हा.
तारीला सांगून आले आहे,
फुगा सोडण्याआधी जरा बनाच्या पलीकडे जा,
गाल समुद्राकडे करून उभा राहा
आणि काय वाटतं ते लिही.
शाईनं नको. पेन्सिलीनं.