सातव्या महिन्यातलं पाणी

आजोबांच्या डायरीत जुलै नाही,
'सातवा महिना' आहे.
इटारसीच्या आमच्या इवल्या क्वेकर सभेत
ती सवय त्यांच्याबरोबरच संपली.
मी ती इथे पुन्हा काढली, गंमत म्हणून,
रुस्ताकच्या अलीकडल्या या खेड्यात,
जिथे सातव्या महिन्यात भिंतीलाही हात लावता येत नाही.

हुल्दामावशी सरकारी दवाखान्यात नर्स.
काका घरभाड्याच्या बदल्यात झुवैनाबाईंची बाग बघतात:
चाळीस खजुरी, खाली गवताचा तुकडा,
आणि कोपऱ्यात त्यांची स्वतःची पाच लिंबं,
बारक्या पानांची, रोगट,
ज्यांच्याशी ते मराठीत बोलतात.

अरबी मला आवडली ती एकाच गोष्टीसाठी.
सगळ्यांना 'तू'.
पाटकऱ्याला तू, वालीला तू, मेंढीला तू.
दूरच्या मुलखातल्या आमच्या पहिल्या मित्रांनी
या एका शब्दापायी तुरुंग बघितला होता.
मी मात्र काकांना अहो-जाहोच करते.

शुक्रवारी सकाळी आम्ही तिघं गप्प बसतो,
पंख्याखाली, तासभर.
भजन नाही, पाळक नाही.
कुणाच्या आत काही हललं तर त्यानं उठावं.
कुणी उठत नाही. फ्रीज बोलतो.
तफज्जुल खताचं पोतं घेऊन दारात येतो,
आम्हाला बघतो, चपला काढतो,
आणि पोत्यावरच बसून राहतो.

पाणी डोंगरातून येतं, फलजच्या पाटानं.
ज्याची त्याची वेळ. अर्धा तास म्हणजे एक असर.
रात्रीचे असर खलफान अजून ताऱ्यांवर मोजतो,
मनगटावर घड्याळ असून.

त्या रात्री मी गच्चीवर जागी होते.
खाली कुणीतरी वाकलं,
दगड सरकवला, चिंध्यांचा बोळा ओढला,
आणि दुसऱ्याच्या वेळेचं पाणी
लिंबांकडे वळलं.
अंधार होता. पाठ ओळखीची होती.

सकाळी नाव आलं तफज्जुलचं.
ओल्या मातीत फावड्याची खूण, आणि फावडं त्याचं.
मशिदीमागच्या आंब्याखाली कॉफी फिरली.
वल्लाही, मी नाही, तो म्हणाला,
तीनदा म्हणाला.
खलफान मोडक्या हिंदीत माझ्याकडे वळला:
तू गच्चीवर झोपतेस. घे तुझ्या पुस्तकाची शपथ, आणि सांग.

शपथ आम्ही घेत नाही, मी म्हटलं.
घेतली की खऱ्याचे दोन प्रकार होतात,
एक एरवीचं, एक शपथेचं.
मावशी अरबीत सांगू लागली. अर्ध्यात थांबली.
मग कुणीच बोललं नाही.

किती वेळ, कोण जाणे. दिवसा तारे नसतात.
पाटातून पाणी जात होतं, कुणाच्या तरी हक्काचं.
मी श्वास घेतला,
आणि माझ्या डावीकडे काका उठले,
दोन्ही गुडघ्यांवर हात टेकून,
सभेत आजोबा उठायचे तसे.

दोन असर परत करायचे ठरले.
आणि माफी, सगळ्यांदेखत.
काका तफज्जुलला पहिल्यांदाच 'आप' म्हणाले.
आमच्या रीतीच्या अगदी उलट,
आणि मला ते बरोबर वाटलं.

पाचातली दोन लिंबं गेली.
दोन दिवस काका माझ्याशी बोलले नाहीत,
तिसऱ्या दिवशी म्हणाले, मीठ दे.

त्या श्वासात नेमकं काय होतं, मी सांगू शकत नाही.
खरं असेल. काकांचं नाव असेल. नुसती हवाही असेल.
मस्कतच्या विमानतळावर त्यांनी माझ्या पिशवीत
मूठभर लिंबं टाकली, झाडावरच वाळलेली, काळी.
इथे आमटीत घालतात, म्हणाले.
रांगेत पिशवी हलली की
आतल्या आत बिया वाजत होत्या.