सव्वापाच

फॉर्मवर रकाना एकच : अभ्यासक्रम.
पेन दोनदा टेकून उठलं,
शाईचे दोन ठिपके पडले
आणि त्यांचाच काही अर्थ लागतो का
ते बघत बसले मी.

पुण्याहून भालूकाकांचा फोन :
"दोन डगरींवर हात नको, ऋजुता.
कॉम्प्युटर घे. गाणं काय, रविवारी."
रविवारी!
जसं काही गाणं म्हणजे
डोक्यावरून न्हाणं.

बाबा काही म्हणाले नाहीत.
प्रतापनगरच्या वर्कशॉपात ते एकतीस वर्षं
डब्यांच्या चाकांवर हातोडी टिचवतात
आणि नुसत्या नादावरून सांगतात
तडा कुठे गेलाय.
याला इंजिनीअरिंग म्हणायचं की संगीत,
मी विचारलं होतं एकदा.
"ड्यूटी," म्हणाले.

मग मी सुरसागरच्या काठावरून, संगीत कॉलेजच्या पायरीपासून
कलाभवनपर्यंत चालून पाहिलं.
जूनची दुपार, डांबर चप्पल धरून ठेवणारं,
एक रिक्षावाला सारखा विचारणारा, क्यां जवुं छे?
एक हजार सहाशे चाळीस पावलं.
त्रितालात धरली, तर एकशे दोन आवर्तनं
आणि वर आठ मात्रा.
म्हणजे फाटक ओलांडलं ते समेला नाही,
खालीच्या मात्रेला.

गेल्या दिवाळीत एक प्रोग्राम लिहिला होता मी,
गळ्यातला सूर पकडून आकडा दाखवणारा.
दिघेबाईंच्या तंबोऱ्याशेजारी लॅपटॉप ठेवला.
मांडीवर न बसणाऱ्या पाहुण्याच्या पोराकडे बघावं
तशा त्या त्याच्याकडे बघत होत्या.
सा लावला. आकडा उभा राहिला.
पंचम. उभा.
मग दरबारीचा गंधार.
आकडे हलायला लागले, हलतच राहिले,
आणि शेवटी पडद्यावर उमटलं :
सूर ओळखता आला नाही.

बाई हसल्या. डोळ्यांना पदर लावून हसल्या.
"बिचारं. खरं बोललं गं.
मलाही अकरा वर्षं ओळखता आला नव्हता."

त्या रात्री मी चूक शोधत बसले.
पहाटेपर्यंत कोडमध्ये सापडेना.
मग दार लावून, हळू आवाजात,
तो गंधार स्वतः लावून पाहिला.
चूक तिथेही होती. पण वेगळी.

काका, कसं सांगू तुम्हाला,
मला त्या दोन्ही चुका हव्या आहेत.

खिडकीशी परमारबेन, चष्मा कपाळावर,
समोर अर्धा सोललेला लसूण.
"दिवसाची डिग्री एकच घे, बेटा.
संध्याकाळचा डिप्लोमा आहे ने!
लॅब केटला वागे सुटते?"
पाचला.
"इथं सव्वापाचला हजेरी.
मोठ्या रस्त्यानं नको येऊ, सिग्नल नडतो.
मागच्या गल्लीतून ये, भजियांच्या लारीवरून,
पण तिथं ऊभी नको राहूस.
माझा भाऊ तबल्याला असाच यायचा, मिलमधून,
बोटांना कापूस चिकटलेला.
चालशे?"

चालेल, इतकंच तर विचारलं त्यांनी.
पण घरात मराठी बोलणाऱ्या माझ्या कानाला
ऐकू आलं : चालशील?

एका ठिपक्यावरून मी अक्षर सुरू केलं.
दुसऱ्यासाठी दुसरा फॉर्म मागितला.
रात्री बाबांनी नोटा दोनदा मोजल्या,
दोन रबरबँड लावले, म्हणाले,
"कान तुझा, फी माझी,"
आणि पंखा वाढवून झोपले.

वरच्या त्या आठ मात्रा
मागच्या गल्लीत गळून पडतील
की आणखी वाढतील,
अजून मोजलेलं नाही.